डिझायर की अमेझ? वाढत्या कुटुंबासाठी गाडी निवडताना



शाळा सुटायच्या वेळेस फाटकाबाहेर थांबलेल्या पालकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. घरात दुसरे मूल आले, स्कूटरवर आता मावत नाही, तर डिझायर घ्यावी की अमेझ? मारुती सुझुकीची नवी डिझायर ११ नोव्हेंबर २०२४ रोजी बाजारात आली आणि होंडाची नवी अमेझ त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ डिसेंबरला. दोघींची लांबी सारखी, आसने पाच, किंमतही आसपासची. ह्युंदाईची ऑरा आणि टाटाची टिगोर याच पंक्तीत बसतात, पण आमच्या घरी निवड या दोघींतच अडली होती. म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो. जे पाहिले, मोजले आणि हिशेब केले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे संपादक मंडळाने सुचवले, त्यावरून हा लेख.

आधी घरची माणसे सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे. आम्ही दोघे, आमची तिसरीतली मुलगी, एक वर्षाचे बाळ आणि गुडघेदुखी असलेल्या आजी. महिन्यातून दोनदा जळगावला जाणे असते, वर्षातून तीन-चार वेळा इंदूरला, आणि बाकी गावातल्या गावात.

सेडान म्हणजे तीन खणांची गाडी. पुढे इंजिनाचा खण, मध्ये माणसांचा आणि मागे वेगळी डिकी. आमच्या वडिलांच्या पिढीत हाच प्रश्न "अ‍ॅम्बेसडर की फियाट" असा असे, आणि निवड करण्यापेक्षा नंबर लागण्याची वाट पाहण्यातच वर्षे जात. फियाट म्हणजे पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले ती गाडी. तिची लांबीही चार मीटरच्या आतच होती, आणि तीत सात-आठ जण बसून लग्नाला गेल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. गोष्टी म्हणून त्या छान आहेत. पण तेव्हाचे रस्ते, तेव्हाचा वेग आणि आजचा वेग यांत फार फरक पडला आहे.

या दोन्ही गाड्यांची लांबी बरोबर ३९९५ मिलिमीटर आहे. हा योगायोग नव्हे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. छोटी गाडी म्हणजे कोणती? लांबी ४ मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. तेव्हापासून आपल्याकडे सेडानची शेपटी कापली जाऊ लागली. टाटांची इंडिगो सीएस २००८ साली आली, ती अशी पहिली सेडान. पहिली डिझायरही २००८ चीच, पण ती ४१६० मिलिमीटर लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ साली तिला ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवले, आणि डिकी ३१६ लिटरवर आली. करात वाचवलेल्या पैशाची किंमत सामानाने मोजली ती अशी. आज डिझायरचे इंजिन ११९७ सीसीचे आहे आणि अमेझचे ११९९ सीसीचे. म्हणजे दोघीही रेघेला नाक टेकवून उभ्या आहेत.

ही रेघ अजूनही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर, असा २९ टक्के कर होता. आठवी-नववीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे: करासह ८ लाखांची गाडी असेल तर मूळ किंमत सुमारे ६ लाख २० हजार निघते, आणि तिच्यावर १८ टक्के लावले की ७ लाख ३२ हजारांच्या आसपास येते. अडुसष्ट हजारांचा फरक. (२९ मधून १८ वजा करून "११ टक्के स्वस्त" असे सांगणारे बरेच भेटतात. ते बरोबर नाही, उतार साडेआठ टक्क्यांचा आहे. का, ते गणिताच्या बाईंना विचारावे.) याउलट लांबी चार मीटरच्या पुढे गेली किंवा पेट्रोल इंजिन बाराशेच्या वर गेले, की कर थेट ४० टक्के.

आरंभीच्या किमती डिझायरच्या ६ लाख ७९ हजारांपासून १० लाख १४ हजारांपर्यंत होत्या, आणि अमेझच्या ८ लाखांपासून १० लाख ९० हजारांपर्यंत. त्यानंतर करकपात झाली आणि किमती बदलत राहतात, म्हणून त्या दिवसाचे पत्रक पाहिल्याशिवाय काही धरून चालू नये. पण एक गोष्ट या आकड्यांतून कळते. डिझायरची सुरुवात खालून आहे, कारण तिचा अगदी साधा प्रकारही मिळतो. अमेझचा सर्वांत खालचा प्रकारच जरा भरलेला आहे. तेव्हा तुलना करताना एकीचा खालचा आणि दुसरीचा मधला प्रकार समोरासमोर ठेवू नये.

आता मुख्य विषयाकडे येतो, म्हणजे मागच्या आसनाकडे.

शोरूममध्ये आपल्याला आधी पुढे बसवतात. पडदा दाखवतात, डिझायरच्या वरच्या प्रकारातले उघडणारे छत दाखवतात, अमेझच्या वरच्या प्रकारातला कॅमेरा पुढची गाडी कशी ओळखतो ते सांगतात. हे सगळे चालवणाऱ्यासाठी झाले. वाढत्या कुटुंबाची गाडी मात्र मागे ठरते. कोण कुठे बसणार आणि त्या प्रत्येकाला स्वतःचा पट्टा मिळणार का, हे कागदावर लिहून मगच आम्ही बाकीचे पाहिले.

आपल्याकडची रीत सर्वांना माहीत आहे. बाळ आईच्या किंवा आजीच्या मांडीवर, मोठे मूल दोन पुढच्या आसनांच्या मध्ये उभे, डोके पुढे काढून. मांडीवरचे बाळ सर्वांत सुरक्षित असे आजींचे ठाम मत होते, आणि तीन मुले मांडीवर नेऊन वाढवलेल्या बाईला वाद घालून पटवता येत नाही. म्हणून आम्ही हिशेब मांडला. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर काही आले आणि आपटून गाडी थांबली. पुढचा भाग चेपत जातो, त्यामुळे थांबायला समजा ६० सेंटिमीटर मिळाले. नववीच्या विज्ञानात वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट असे मंदन काढतात. त्याप्रमाणे ते गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट येते. म्हणजे १० किलोचे बाळ त्या क्षणी हातांना १६० किलोचे वाटणार. पिठाची मोठी तीन पोती. ती कोणत्या हातांनी धरून ठेवायची? शिवाय पुढच्या आसनावर मांडीवर बाळ असेल, तर उघडणारी एअरबॅग त्याच्यावरच येते. आजी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी "ते बाळाचे आसन केवढ्याला मिळते" असे त्यांनीच विचारले.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली. कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचे खास आसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही पट्टा बंधनकारक आहेच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. गाडी लहान नव्हती, स्वस्तही नव्हती.

या बाबतीत दोन्ही गाड्या पुष्कळ सुधारल्या आहेत. सर्व प्रकारांत सहा एअरबॅगा आहेत, पाचही आसनांना खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा आहे, आणि मागच्या दोन कडेच्या जागांवर आयसोफिक्सचे कडे आहेत. आयसोफिक्स म्हणजे आसनाच्या पाठ-बैठकीच्या फटीत गाडीच्या सांगाड्याला जोडलेले दोन लोखंडी कडे. मुलाच्या आसनाचे दोन हुक त्यात खट्कन बसतात, पट्ट्याने आवळण्याची कटकट नाही. हे कडे बोटाने चाचपून पाहावेत, विक्रेत्याच्या होकारावर थांबू नये.

ताऱ्यांविषयी थोडे. भारत एनकॅप ही आपल्या सरकारची धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आपटतात, आणि मागे दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलांच्या आकाराच्या बाहुल्या बसवलेल्या असतात. डिझायर आणि अमेझ दोघींना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. मुलांच्या सुरक्षेसाठी डिझायरला पाच आणि अमेझला चार. हे ऐकून आमचे एक शेजारी लगेच "मग झाले तर, डिझायर" म्हणाले. पण गुणपत्रिका पाहा: मुलांच्या विभागात ४९ पैकी डिझायरला ४१.५७ आणि अमेझला ४०.८१. पाचव्या ताऱ्याची रेघ ४१ वर आहे. थोडक्यात वर्ग हुकलेला विद्यार्थी आणि थोडक्यात मिळालेला विद्यार्थी यांच्यात किती फरक असतो, हे शाळेच्या वार्तापत्रात वेगळे सांगायला नको. आमच्या मते या मुद्द्यावर दोघी सारख्या.

एक सावधगिरी मात्र हवी. तारे नावाला मिळत नाहीत, त्या पिढीच्या गाडीला मिळतात. अमेझच्या आधीच्या पिढीला ग्लोबल एनकॅपच्या २०२४ च्या चाचणीत मोठ्यांसाठी दोन तारे मिळाले होते आणि मुलांसाठी शून्य. नवी आल्यावरही ती जुनी कमी किमतीत विकली जात होती. जुनी किंवा वापरलेली गाडी स्वस्तात दिसली तर पिढी कोणती आणि साल कोणते ते आधी विचारावे.

मग प्रत्यक्ष बसवून पाहिले. आम्ही बाळाचे आसन भाच्याकडून मागून आणले आणि दोन्ही शोरूममध्ये सोबत नेले. एका ठिकाणी विक्रेत्याने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही गादी घेऊन आलो आहोत. पण त्या अर्ध्या तासात जे कळले ते कोणत्याही पत्रकात नाही. लहान बाळाचे आसन मागे तोंड करून बसवायचे असते, निदान पंधरा महिन्यांपर्यंत, आणि जमेल तितके त्यापुढेही. त्यामुळे ते लांबीत फार जागा घेते, आणि त्याच्या पुढचे आसन पुढे सरकवावे लागते. ते ज्याच्या मागे येईल त्याचे गुडघे समोर टेकतात. चालवणारा उंच असेल तर त्याच्या मागे ते बसतच नाही. आमच्याकडे आजी ठेंगण्या, म्हणून आजी पुढे डावीकडे आणि बाळ त्यांच्या मागे. डावी बाजू रस्त्याच्या कडेची, बाळाला काढता-घालताना वाहनांच्या गर्दीत उभे राहावे लागत नाही, हाही फायदा. आजींनाही पुढे चढणे-उतरणे सोपे.

उजवीकडे मुलगी. तिला बूस्टर, म्हणजे उंची वाढवणारी बैठक. मूल साधारण १३५ ते १५० सेंटिमीटरचे होईपर्यंत गाडीचा पट्टा त्याच्या खांद्याऐवजी मानेवर येतो, म्हणून हा पाट लागतो. आणि मध्ये आई. इथे खरी परीक्षा आहे. दोन्ही गाड्यांची बाहेरून रुंदी १७३५ आणि १७३३ मिलिमीटर, म्हणजे फरक दोन मिलिमीटरचा. मध्ये बसणाऱ्याला दोन्हीकडे अंग चोरूनच बसावे लागते, आणि बूस्टर रुंद असला तर पट्ट्याचे कुलूप त्याच्या खाली दडपले जाते. अरुंद बूस्टर घेतला की प्रश्न सुटतो. तो गाडीच्या आधी निवडावा असे आमचे मत आहे. लांबीत अमेझला थोडा फायदा आहे. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २४७० मिलिमीटर, डिझायरचे २४५०. दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण बाळाचे आसन बसवल्यावर आजींच्या गुडघ्याला ते जाणवले. उलट उंचीत डिझायर १५२५ मिलिमीटर आणि अमेझ १५००, आणि डिझायरमध्ये शिरताना मान कमी वाकवावी लागली असे त्यांचेच म्हणणे. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला दोन्हींत किमान तीनदा चढवून-उतरवून पाहावे. एकदा सर्वांनाच जमते.

हे झाले पाच जणांचे. घरी आजोबाही असतील, किंवा आत्या दर आठवड्याला सोबत येत असेल, तर या दोघींपैकी कोणतीही घेऊ नये. सहावा माणूस चार मीटरच्या सेडानमध्ये बसतो, पण पट्ट्याविना. त्यांनी सरळ सात आसनांची गाडी पाहावी. ती रेघेच्या पलीकडची असली तर महाग पडेल, किंवा मग वापरलेली घ्यावी लागेल.

डिकीत अमेझ पुढे आहे. ४१६ लिटर, डिझायरची ३८२. चौतीस लिटर म्हणजे एक मध्यम बॅग. बाबागाडी, दोन बॅगा, आणि जळगावहून परतताना आजींनी भरलेली पापड-कुरडयांची पिशवी असा आमचा ठराविक ऐवज. दोन्हींत मावला, अमेझमध्ये हात न दाबता मावला. पण डिझायर सीएनजीवर घेतली तर हे सगळे विसरावे. टाकी डिकीतच बसते आणि उरते ती कडेची थोडी जागा. सीएनजीत एका किलोला ३३.७३ किलोमीटर हा कंपनीचा आकडा मोहात पाडणारा आहे, आणि रोज एकटे लांब जाणाऱ्याला तो परवडेलही. लहान बाळ असलेल्या घराला बाबागाडी टपावर बांधून फिरणे परवडत नाही. शिवाय आपण ज्या वाटेने नेहमी जातो तिथे भरण्याची सोय कुठे कुठे आहे, ते आधी स्वतः जाऊन पाहावे.

रस्त्यांविषयी. आपल्या जुन्या शहरात, शनवारा-इतवाऱ्याच्या आतल्या गल्ल्यांत, दोन्ही सारख्याच अडकतात. गतिरोधकांवर मात्र फरक आहे. जमिनीपासूनची उंची डिझायरची १६३ मिलिमीटर आणि अमेझची १७२. पाच जण आणि सामान भरले की गाडी खाली बसते, आणि गावोगावच्या घरगुती गतिरोधकांवर पोट घासते. चाचणीला जाताना विक्रेता एकटा शेजारी बसतो आणि गुळगुळीत रस्त्यावर नेतो. आपण घरची माणसे भरून, नेहमीच्या खराब रस्त्यावर न्यावी.

इंदूरकडे जाताना असीरगडच्या पायथ्याशी सातपुडा, आणि नर्मदा ओलांडून बडवाह सोडले की भेरूघाट आणि सिमरोलची वळणे. इथे इंजिन कळते. डिझायरचे तीन सिलिंडरचे, सुमारे ८२ अश्वशक्तीचे. अमेझचे चार सिलिंडरचे, ९० अश्वशक्तीचे. भरल्या गाडीने ट्रकच्या पुढे जायचे तर अमेझ जास्त खुशीने जाते, आणि आवाजही मऊ. आपोआप गिअर बदलणारी हवी असेल तर फरक आणखी मोठा. डिझायरमध्ये साध्या गिअरपेटीवरच यंत्राने क्लच दाबण्याची सोय आहे, तिला एएमटी म्हणतात. स्वस्त आणि काटकसरी, पण गिअर बदलताना क्षणभर गाडी ओढ सोडते. चढावर ते जाणवते. अमेझच्या सीव्हीटीत गिअरचे टप्पेच नाहीत, पट्टा आणि कप्प्यांवर वेग सरकत जातो. त्यामुळे मागे झोपलेले बाळ झोपलेलेच राहते.

आणि आता इंधनाचा हिशेब, जिथे डिझायर सगळी उधारी वसूल करते. साध्या गिअरच्या पेट्रोल डिझायरचा कंपनीचा आकडा लिटरला २४.७९ किलोमीटर, अमेझचा १८.६५. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर डिझायरला ४०३ लिटर आणि अमेझला ५३६. पेट्रोल हिशेबासाठी शंभर रुपये धरा, म्हणजे वर्षाला १३,३०० रुपयांचा फरक. आता कोणी म्हणेल, हे आकडे प्रयोगशाळेतले, प्रत्यक्षात दोघीही कमी देतात. बरोबर. दोघींचा चौथा हिस्सा कापला तर डिझायर साडेअठरा आणि अमेझ चौदा. तेव्हा लागते ५३८ आणि ७१५ लिटर, म्हणजे फरक १७,७०० रुपये. अ‍ॅव्हरेज खाली आले तर फरक कमी होत नाही, वाढतो. पाच वर्षांत ऐंशी-नव्वद हजार. याउलट ज्यांची गाडी वर्षाला चार हजारच किलोमीटर फिरणार, त्यांच्यासाठी हा फरक पाच ते सात हजारांचाच आहे, आणि त्यांनी त्यासाठी डिकी आणि इंजिन सोडू नये.

कर्जाविषयी एकच उदाहरण. सहा लाखांचे कर्ज, ९ टक्के दराने. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १२,४५५ रुपये, सात वर्षांसाठी ९,६५३. हप्ता अठ्ठावीसशेने कमी दिसतो, पण एकूण व्याज ६३ हजारांनी जास्त जाते. शोरूममध्ये सात वर्षांचाच हप्ता आधी सांगतात. मुलीची पुढची फी आणि बाळाची शाळा याच वर्षांत सुरू होणार, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

ऑन-रोड किमतीचे पत्रक ओळ-ओळ वाचावे. रस्ता कर, नोंदणी आणि विमा लागतोच. नव्या कारला २०१८ पासून तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो. पण तो कोणाकडून घ्यायचा हे आपण ठरवायचे, शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. आम्हाला एका ठिकाणी "सुशोभन पॅकेज" अनिवार्य म्हणून सांगितले होते: गाद्यांची आवरणे, पायपुसणी, दारांवर क्रोमच्या पट्ट्या. लेखी द्या म्हटल्यावर ते ऐच्छिक झाले. आसनांच्या आवरणांविषयी तर जपूनच राहावे. कडेच्या एअरबॅगा आसनाच्या पाठीतून उघडतात, आणि शिवलेले जाड आवरण त्यांना अडवू शकते.

आपण सीमेवरचे लोक, त्यामुळे एक प्रश्न येतोच. जळगाव-भुसावळला नातेवाईक आहेत, त्यांच्या पत्त्यावर गाडी नोंदवावी का? गाडी ज्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहते तिथे ती पुन्हा नोंदवावी लागते, असा कायदा आहे. गाडी बुऱ्हाणपुरात राहणार असेल तर एमपी ६८ हाच सरळ मार्ग. विकत मात्र कुठूनही घेता येते, तात्पुरत्या नोंदणीवर आणून इथे नोंदवता येते. बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी २०२१ पासून बीएच मालिका आहे, ती राज्य बदलले तरी चालते. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात घेतलेल्या गाड्यांना राज्य सरकारने २०२४ आणि २०२५ साली रस्ता करात ५० टक्के सूट दिली होती, अट अशी की नोंदणी तिथल्याच कार्यालयात. दर वर्षी सूट जाहीर झाली की नाही ते पाहून मगच बेत करावा. उज्जैन आपल्याला एका दिवसाच्या टप्प्यात आहे.

आमची निवड विचाराल तर डिझायर, साध्या गिअरची, पेट्रोल, मधला प्रकार. जळगावच्या फेऱ्यांमुळे वर्षाला दहा हजार किलोमीटर सहज होतात, आणि तो हिशेब आम्हाला टाळता आला नाही. उघडणारे छत असलेला वरचा प्रकार सोडला आणि त्यातून उरलेल्या पैशांत बाळाचे आसन व बूस्टर दोन्ही नवे घेतले. पण जिथे आई किंवा आजोबा गाडी चालवणार, गावातच जास्त फिरणे आणि लांबचा प्रवास क्वचित, अशा घरी आम्ही अमेझ सीव्हीटीच सुचवू, आणि आमच्या थोरल्या वहिनींना तीच सुचवली आहे.

बाळाचे मागून आणलेले आसन अजून आमच्याकडेच आहे. ज्या पालकांना शोरूममध्ये न्यायचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटताना मुलीच्या वर्गाबाहेर भेटावे. सोबत मापाची टेपही देऊ. फक्त आसन परत करताना त्याच्या फटीतले बिस्किटाचे तुकडे झटकून द्यावेत, ही विनंती.